चार बोटं जागा

“दादा, डबा वीतभर अन् जागा चार बोटं. हे कसं जमन?”

स्टुलावर उभ्या असलेल्या सुखदेवने छताच्या भोकातून हात बाहेर काढला आणि चार बोटं जुळवून दादाला दाखवली. सुखदेव आमच्या गल्लीतला वायरमन. त्याच्या हाताला कोपरापर्यंत काचेचा पिवळा कापूस चिकटला होता आणि दुसऱ्या हाताने तो करकरा खाजवत होता.

दादा खाली उभा होता. त्याच्या हातात पुण्याहून मागवलेला दिवा होता, चांगला लोटीएवढा, अजून कागदात गुंडाळलेला. त्याने दिवा भोकापाशी धरला, भोकाकडे पाहिलं, पुन्हा दिव्याकडे पाहिलं. माझा भाऊ इंजिनिअर आहे. एखादी गोष्ट कुठे मावत नसली, तर ती मावलीच पाहिजे असं त्याला मनापासून वाटतं.

“जरा दाबून बघ ना,” तो म्हणाला.

“दाबाले वर सिमिटाचा स्लॅब हाये. थो काही दबत नाई.”

मी दारात चहाचे कप घेऊन उभी होते. मला हसू आलं.

“बेबी, हसू नकोस,” दादा म्हणाला.

मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या, केस पिकायला लागलेल्या बाईला बेबी म्हणणारे आता दोघेच उरले होते. एक हा, आणि दुसरे आमचे बाबा. खोलीत काम चालू होतं म्हणून बाबांची खाट आम्ही बाहेर हॉलमध्ये ठेवली होती. तिथून त्यांना खोलीचं दार दिसायचं, आणि दारातून स्टूल आणि स्टुलावरच्या माणसाचे पाय.

“ये,” हॉलमधून बाबांचा आवाज आला.

“आलोच बाबा,” दादा म्हणाला. “एवढं माप घेतो आणि आलोच.”

आणि तो स्टुलावर चढला.

हे खामगावातलं, भर मे महिन्यातलं. आमच्याकडचा मे बाहेरच्याला सांगून कळत नाही. दुपारी नळ सोडला तर पाण्याने हात पोळतो. आदल्या हिवाळ्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणंही गेलं. अगदीच गेलं असं नाही, चार शब्द मागे राहिले. ये, पाणी, नाही आणि बेबी. मनात जे काही येईल ते या चारांत बसवायचं. ते बसलं नाही की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि मग त्या पाण्याचाच त्यांना राग यायचा.

बाबांची खोली घराच्या मागच्या अंगाला, नंतर बांधलेली आणि बुटकी. दिवसभर स्लॅब तापायचा आणि रात्रभर ती उष्णता खाली ओतत राहायचा. कूलर लावला तरी बाबांची उशी घामाने चिंब व्हायची. मी फोनवर दादाला हे बोलले, आणि त्याने लांबलचक रजा टाकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो लग्नकार्याशिवाय घरी राहायला आला होता. आल्या आल्या त्याने अकोल्याचे कारागीर बोलावले. स्लॅबच्या खाली काचेचा कापूस आणि त्याखाली पांढऱ्या पाट्यांचं दुसरं छत. पंखा डोक्याला लागू नये म्हणून हे दुसरं छत जेमतेम खाली घेतलं होतं. खोली खरंच निवली, हे मान्य केलं पाहिजे. दुपारी आत गेलं की बरं वाटायचं.

तेवढ्यावर थांबला असता तर तो दादा कसला? इतकं सुरेख छत केलं आणि भिंतीला तीच जुनी ट्यूब, हे त्याच्या डोळ्याला खुपायला लागलं. छताच्या पोटात बसणारे दिवे हवेत. बल्ब आत खोल असतो, तो दिसतच नाही, नुसता उजेड खाली उतरतो, असं तो मला हात हलवून सांगायचा. मी म्हणायचे, बरं.

खरं सांगायचं तर मला दिव्यांशी काही देणंघेणं नव्हतं. मला एवढंच वाटायचं की दादाची रजा संपायच्या आत या दोघांनी एकदा जवळ बसावं. बसायला शब्द लागत नाहीत. तेवढं झालं नाही तर पुढे होईल याची खात्री नव्हती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन दुसऱ्या झटक्याचं सांगितलं होतं. दादालाही मी ते सांगितलं होतं.

दोघांचं बिनसलं होतं ते दादाच्या लग्नात. बाबांचा खामगावात फोटो स्टुडिओ होता. अर्ध्या गावाची लग्नं त्यांच्या कॅमेऱ्यातून गेलेली. स्टुडिओत मोठाले दिवे होते, ते लावले की समोर बसलेल्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. नवऱ्यामुलीची पावडर ओघळायची, लहान पोरं भोकाड पसरायची, आणि बाबा कॅमेऱ्यामागून एकाच सुरात म्हणत राहायचे, “थोडं सोसा. डोळे मिटू नका. आता छान येतो.” आम्ही दोघं लहानपणी जेवताना, अंघोळीला, अभ्यासाला, कशालाही एकमेकांना तेच म्हणायचो आणि मार खायचो.

दादाने आपल्या लग्नाला अकोल्याचा फोटोग्राफर ठरवला. त्याचा हेतू वाईट नव्हता. बाबा जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात उपाशीपोटी उभे राहिले, माझ्या लग्नात तरी त्यांनी फेटा बांधून पुढे बसावं, असं त्याला वाटलं. पण हे त्याने बाबांना विचारलं नाही. सांगितलं, आणि तेही आदल्या दिवशी. बाबा म्हणाले, “ठीक आहे.” दुसऱ्या दिवशी फेटा बांधला, पुढे बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवून. त्या हातांचं काय करायचं हे त्यांना दिवसभर कळलं नाही. त्यानंतर दादाशी ते ‘ठीक आहे’च्या पलीकडे कधी बोलले नाहीत. कसे आहात, ठीक आहे. पैसे पाठवू का, ठीक आहे. मग झटका आला आणि तेही गेलं.

दिवा मावत नाही म्हटल्यावर त्या दिवशी चहा पिता पिता मोठी चर्चा झाली. छत आणखी खाली घेतलं तर पंखा डोक्यात बसणार. कापूस काढला तर पुन्हा भट्टी. कापूस तसाच दिव्यावर ढकलून दिला तर दिव्याची उष्णता कोंडणार, वायर जळणार.

“मी म्हनतो भिंतीले ट्यूब लावून टाका,” सुखदेव बशीत चहा ओतत म्हणाला. “दोन घंट्यात मोकळे. बाबाले कोठं अभ्यास कराचा हाये?”

“ट्यूब नाही,” दादा म्हणाला. “मी उद्या अकोल्याला जाऊन येतो. चपटे दिवे मिळतात म्हणे.”

“एवढ्या उन्हात?” मी विचारलं.

“ऊन काय मला नवीन आहे?”

पंचवीस वर्षं पुण्यात काढलेला माणूस हे म्हणाला.

“ये,” खाटेवरून बाबा म्हणाले. आम्ही तिथेच तर होतो, त्यांच्यापासून पाच-सहा हातांवर. पण बाबा डाव्या हाताने खाटेची कड थोपटत होते. इथे ये, असं.

“काय हवंय बाबा? पाणी?” दादा उठला, पाण्याचा पेला भरून त्यांच्या तोंडाला लावला, ओठ पुसले. बाबांनी दोन घोट घेतले. मग पुन्हा कड थोपटली. तेवढ्यात चहा संपवून आत गेलेल्या सुखदेवने कसलं तरी माप विचारलं आणि दादा आत गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो अकोल्याहून लालबुंद होऊन परत आला. पिशवीत चार चपटे दिवे होते, बशीएवढे. सुखदेवने एक उलटापालटा करून पाहिला.

“जागेत तं बसते,” तो म्हणाला. “पन यात बल्ब पार तोंडाशी येते. तुमच्या थ्या डब्यात आत होता.”

“मग काय, उजेड जास्त पडेल,” दादा म्हणाला.

“थे बी खरं हाये.”

त्यात आणखी एक मेख निघाली. जुना स्लॅब ओतताना मिस्त्रीने तो एका अंगाला कलता ठेवला होता. नवं छत मात्र अगदी समतल. त्यामुळे खिडकीकडच्या बाजूला चार बोटं जागा होती आणि आतल्या भिंतीकडे दोन बोटंही नव्हती. चपटे दिवेसुद्धा बसणार ते खिडकीकडेच. दादाने रिकाम्या खोलीत मधोमध उभं राहून वर पाहिलं, डोकं इकडे तिकडे केलं आणि खिडकीच्या बाजूला पेन्सिलने एका ओळीत चार गोल काढले. सुखदेवनेही मान वर करून पाहिलं. म्हणाला, झकास. मला बोलावलं, मीही मान वर करून पाहिलं. खरंच बरं दिसत होतं.

पुढचे काही दिवस त्या चार भोकांत गेले. कापूस दिव्यावर येऊ नये म्हणून सुखदेवने तेलाचा जुना पिपा कापून पत्र्याची चार कडी केली. प्रत्येक भोकाभोवती आधी कापूस चाचपून मागे सारायचा, मग ते कडं आत सरकवून उभं करायचं, मग दिवा. कडं वर स्लॅबला टेकायचं आणि वाकडं व्हायचं. पुन्हा काढा, पुन्हा कापा. दादा स्वतः वर हात घालायचा, सुखदेववर सोडायचा नाही. एक दिवा बसला की तो दुपारभर चालू ठेवायचा आणि मधूनमधून स्टुलावर चढून तळवा लावून पाहायचा, तापतोय का. मी म्हटलं, काय रे, ताप आलेलं मूल आहे का ते? तर म्हणाला, “खाली बाबा झोपणार आहेत. काही झालं तर ते उठून पळू शकणार आहेत का?”

आणि दिवसातून कितीदा तरी हॉलमधून “ये” यायचं. आणि आतून “आलोच”.

एकदा दुपारी त्याचे हात खाजून खाजून इतके लाल झाले की मी त्याला ओढून स्वयंपाकघरात बसवलं आणि कोपरापर्यंत खोबरेल चोळलं. लहानपणी खाजकुयलीत पडला होता तेव्हा आईने चोळलं होतं, त्याची आठवण दोघांनाही आली असावी, कारण तो हात न हलवता बसून राहिला.

“दादा, बाबा केव्हाचे बोलावताहेत तुला.”

“माहीत आहे.”

“मग जाऊन बस ना थोडा वेळ. ते दिवे काही पळून जात नाहीत.”

तो म्हणाला, “बसून काय करू बेबी? त्यांना बोलता येत नाही आणि मला त्यांच्याशी बोलायचं कसं ते येत नाही. ते माझ्याकडे बघत राहतात, मी पंख्याकडे बघतो. हे दिव्यांचं काम निदान मला येतं.”

मला त्याची फार दया आली आणि रागही आला. मी दुसऱ्या हाताला तेल चोळायला घेतलं.

शेवटचा दिवा बसला तो दादा जायच्या आदल्या दिवशी. दिवसभर मी खोली झाडून पुसून काढली, कारण त्या कापसाची कुसळं कुठेही लपून बसतात. दिवेलागणीला आम्ही तिघांनी बाबांसकट खाट उचलली आणि खोलीत तिच्या जुन्या जागी ठेवली, खिडकीला लागून. ती जागा बाबांची ठरलेली होती. तिथून गल्ली दिसायची, येणारे-जाणारे थांबून “काय बाबा” म्हणायचे, आणि बाबा डावा हात उचलायचे. तेवढीच त्यांची दुनिया राहिली होती.

“तयार?” दादा दारात बटणापाशी उभा राहून म्हणाला. आवाजात लहानपणचा दादा होता.

त्याने बटण दाबलं. चार दिवे एकदम लागले.

खोली उजळून निघाली. पांढरं छत, धुतलेली फरशी, नवी चादर. दारातून पाहताना दिवाणखान्यासारखी खोली दिसत होती. सुखदेव म्हणाला, “लय भारी, दादा.” मी बाबांकडे पाहिलं.

ते उताणे पडले होते, जसे नेहमी पडायचे. कुशीवर वळणं त्यांना जमत नव्हतं. चारही दिवे बरोबर त्यांच्या तोंडावर होते. त्यांनी डोळे सताड उघडे ठेवले होते. पापणी लववत नव्हते. बुबुळं चकाकत होती आणि कडेने पाणी गळून कानात जात होतं.

“बाबा, कसं वाटतंय?” दादाने दारातूनच विचारलं.

बाबांचे ओठ हलले. तोंड वाकडं झालं, गळ्याच्या शिरा ताणल्या. आम्ही वाट पाहिली.

“छान,” बाबा म्हणाले.

झटक्यानंतर हा त्यांचा पाचवा शब्द. डॉक्टर म्हणाले होते, नवीन शब्द बहुधा यायचे नाहीत. दादा खाटेशी आला, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, खाटेच्या कडेवर टेकला. बाबांनी त्याचा तेलकट, ओरखडलेला हात डाव्या हातात धरला. दादा रडायला लागला. बाबांच्या डोळ्यांतून तर आधीपासूनच पाणी येत होतं. दोघं एकमेकांकडे बघत तसेच बसले. मी आणि सुखदेव हळूच बाहेर आलो.

“खुश झाले बाबा,” सुखदेव पायऱ्यांवर चपला घालत म्हणाला. त्याचेही डोळे ओले होते.

दादा जेवायला उठल्यावर मी आत गेले. बाबांनी माझं मनगट पकडलं आणि माझा तळवा स्वतःच्या डोळ्यांवर ओढून घेतला, घट्ट. मी हात सोडवून दाराशी गेले, बटण बंद केलं आणि येऊन तळवा पुन्हा त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. अंधारात बराच वेळ त्यांनी माझा हात सोडला नाही. तळव्याला पापण्यांची फडफड लागत होती.

खोलीत खाट नव्हती तेव्हा चार गोल काढले होते. तिघांनी उभं राहून पाहिलं होतं. आडवं होऊन कुणी पाहिलं नव्हतं.

“बाबा, मी दादाला सांगते. सकाळी जायच्या आधी ट्यूब लावून जाईल.”

“नाही,” बाबा म्हणाले.

“अहो, पण तुम्हाला त्रास होतो ना?”

“नाही,” ते पुन्हा म्हणाले, आणि माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. एका हाताच्या माणसाकडे एवढी ताकद कुठून आली? मी म्हटलं, बरं, नाही सांगत.

त्यानंतर दादा दर रविवारी फोन करायला लागला. पूर्वी महिन्यातून एकदा यायचा तो, दोन मिनिटांचा. आता मी फोन बाबांच्या कानाला लावायचे आणि दादा तिकडून बोलत राहायचा. ऑफिसातलं, पोरांचं, सोसायटीच्या पाण्याचं. मध्येच विचारायचा, “दिवे लावता ना बाबा? कसे वाटतात?” आणि बाबा “छान” म्हणायचे.

पण एक गोष्ट होती. फोन वाजला की बाबा आधी बटणाकडे बोट करायचे. दिवे लागल्याशिवाय फोन कानाला लावू द्यायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, “बाबा, त्याला कुठे दिसतंय तिकडे? अंधारात म्हणा की छान.” तर माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी निमूटपणे बटण दाबलं. दादा बोलत असेतोवर बाबा डोळे उघडे ठेवून दिव्यांकडे पाहत राहायचे. फोन संपला की मी दिवे बंद करायचे आणि गार पाण्यात बुडवलेला पंचा त्यांच्या डोळ्यांवर ठेवायचे. बाकी आठवडाभर आम्ही हॉलच्या दाराने येईल तेवढ्या उजेडात राहायचो. बाबांचा चेहरा त्या दिवसांत निवांत दिसायचा. मी त्यांची मुलगी, मला कळायचं. ते रविवारची वाट पाहायचे.

मकरसंक्रांतीच्या सुमारास बाबा गेले. झोपेतच. दादा पोचला तोपर्यंत सगळी तयारी झाली होती.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. पंगती उठल्या, पाहुणे एकेक करून निघाले, वहिनी पोरांना घेऊन दुपारच्या गाडीने पुढे गेली. वीज सकाळपासून नव्हती, आमच्याकडे तेव्हा रोजच जायची. दादा म्हणाला, जरा पडतो, आणि बाबांच्या खोलीत गेला. खिडकी ओढून घेतलेली होती. तो खाटेवर आडवा झाला, उताणा, बाबा पडायचे तिथेच. मी स्वयंपाकघरात चहाचं दूध तापायला ठेवलं.

तेवढ्यात वीज आली. सकाळच्या धांदलीत कुणीतरी बाबांच्या खोलीचं बटण दाबलेलंच ठेवलं होतं.

“अरे!” आतून दादाचा आवाज आला. मी धावत गेले. दादाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. मग त्याने बोटं किंचित फाकवून वर पाहिलं, आणि लगेच पुन्हा मिटली.

“बेबी.”

“हं.”

“हे असं होतं?”

“हो.”

“बाबांना असंच दिसायचं?”

तो उठून बसला नाही. हात तोंडावरच होते.

“मला सांगितलं का नाहीस?”

“बाबांनी सांगू दिलं नाही. मनगट धरलं होतं माझं.”

“आणि दर रविवारी?”

“तुझा फोन आला की लावायला लावायचे. एरवी बंद.”

“छान म्हणायचे ते मला,” दादा म्हणाला. “दर वेळी छान म्हणायचे.”

“लावल्याशिवाय म्हणायचे नाहीत.”

खिडकीबाहेरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग दादा म्हणाला, “किती दिवस बोलावत होते मला. एकदा जरी त्यांच्या खाटेवर बसलो असतो ना बेबी, तरी ते पडल्या पडल्या वरच बघतात हे मला कळलं असतं. मी स्टुलावरून उतरलोच नाही.”

“बसलास की तू. शेवटच्या दिवशी.”

“हो,” तो म्हणाला. “दिवे लावल्यावर.”

मी बटणाकडे हात नेला. “बंद करते.”

“नको.”

त्याने हळूहळू तोंडावरचे हात खाली घेतले. डोळे उघडले. दिव्यांचा झोत सरळ त्याच्या तोंडावर होता. बुबुळं थरथरली, पाणी आलं, कडेने ओघळून कानात गेलं. पण डोळे मिटले नाहीत. त्या उजेडात त्याचं नाक आणि हनुवटी थेट बाबांची दिसत होती, आणि माझ्या तोंडात ते जुनं वाक्य आलं होतं, थोडं सोसा. मी ते गिळलं.

“ये,” दादा म्हणाला, आणि खाटेची कड थोपटली. “बस जरा.”

“आलेच,” मी म्हणाले. “दूध आहे गॅसवर, तेवढं...”

दारापर्यंत गेले होते मी. तिथे पाय थांबले. परत फिरले, खाटेच्या कडेवर टेकले आणि त्याचा हात हातात घेतला. स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला, मग करपल्याचा. आम्ही दोघंही उठलो नाही.